अंगठ्याच्या नखाची रेघ

हल्ली माझ्यासमोर बसून कुणी स्वतःचं लिखाण वाचायला लागलं की मला खुर्चीत बसवत नाही. उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येतो. वाचणारा बिचारा गोंधळतो आणि आपलं काही चुकलं का म्हणून माझ्याकडे बघत राहतो. ही सवय मूळची माझी नाही. ती द्वारकाताई फदाटांची. त्यांचं बरंच काही माझ्याकडे असं न विचारता आलेलं आहे. त्यातली एक गोष्ट मला अजून सतावते, आणि ती गोष्ट सांगायची तर ताईंबद्दल सांगावं लागेल.

आमच्या जालन्याच्या कॉलेजात विद्यापीठाच्या कुठल्याशा योजनेखाली एक 'लेखन साहाय्य केंद्र' निघालं होतं. नाव मोठं असलं तरी खोली खेळाच्या सामानाची होती. कोपऱ्यात दोन भाले उभे होते, वर व्हॉलीबॉलची फाटकी जाळी टांगलेली होती आणि टेबल म्हणून एक जुना कॅरम ठेवून त्यावर चादर अंथरली होती. पीएच.डी. करणाऱ्यांनी तिथं बसायचं आणि बी.ए., एम.ए.च्या पोरापोरींना त्यांचे प्रकल्प, निबंध, अर्ज लिहायला मदत करायची, अशी कल्पना. पोरांचा पहिल्या दिवसापासूनच गैरसमज झाला. तहसीलच्या बाहेर अर्ज लिहून देणारे बसतात ना, तसंच हे काहीतरी असेल असं त्यांना वाटलं. एकानं दारातूनच विचारलं, की प्रकल्प उद्यापर्यंत लिहून मिळेल का आणि दोन प्रती मिळतील का.

ताई त्याला म्हणाल्या, "आत ये. पेन आणलाय का?"

त्यानं नाही म्हटलं. ताईंनी त्याला पेन आणायला परत पाठवलं. तो परत येणार नाही असं मला वाटलं होतं, पण आला.

द्वारकाताई चाळिशीच्या घरातल्या. माहेर केदारखेडा, सासरही तिथलंच, दोन गल्ल्या सोडून. मुलगी पाचवीत गेल्यावर त्यांनी पुन्हा शिकायला घेतलं होतं. रोज भोकरदनच्या बसनं यायच्या आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, म्हणजे समोरच्याला न कळता वेळ बघता येते. परतीच्या बसची चिंता त्यांना सकाळी आल्यापासूनच लागलेली असायची. खुर्चीत बसलेलं मी त्यांना पाहिलंच नाही. विद्यार्थी बसायचा, वाचायचा, आणि ताई कॅरमभोवती फिरत राहायच्या. दोन्ही हात पाठीमागे, उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं. पोरं त्यांच्या माघारी त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणायची. मी एकदा विचारलं, की ताई, हात असे बांधून का फिरता. तर म्हणाल्या, "मोकळा सोडला की दुसऱ्याच्या वाक्यात शिरतोय मेला."

पेन फक्त लिहिणाऱ्याच्या हातात, हा त्यांचा कायदा. दुसऱ्याच्या कागदावर त्यांनी कधी एक अक्षर उमटवलं नाही. विद्यार्थ्यानं मोठ्यानं वाचायचं आणि अडलं तिथं ताईंनी विचारायचं, "म्हंजे काय?" एवढंच. हा प्रश्न त्या इतक्या साध्या सुरात विचारायच्या, की खरंच त्यांना कळलेलं नाही असं वाटावं. नवीन जालन्यातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा आला होता, तिसऱ्या पिढीपासून इथलाच, घरात अजून राजस्थानी बोलणारा. त्याचा प्रकल्प स्वतःच्याच आडतीवर होता. त्यानं वाचायला सुरुवात केली, की सदर व्यवसायामध्ये मालाच्या गुणवत्तेचे सर्वंकष परीक्षण करण्यात येते. ताईंनी विचारलं, म्हंजे काय. तो म्हणाला, क्वालिटी चेक होते. म्हंजे काय. तो वैतागला. म्हणाला, "अहो ताई, दादाजी दाना दाताखाली धरतात. कट् आवाज आला तर माल सुका, न्हाई आला तर वल्ला. मशीन नंतर लावतात, पण दादाजींचं बराबरच निघतं."

"मंग हे का न्हाई लिहिलं?"

"हे लिहितात का?" त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

त्यानं लिहिलं. ताई वाकल्या आणि त्यांनी त्या ओळीखाली डाव्या अंगठ्याच्या नखानं एक रेघ ओढली. शाई नाही, काही नाही. कागद उजेडात तिरपा धरला तरच ती दिसायची. चुकीखाली त्यांनी कधी रेघ मारली नाही. बरोबर उतरलेल्या वाक्याखालीच मारायच्या, आणि तीही फार क्वचित. आमच्या कॉलेजात त्या वर्षी पोरं एकमेकांचे कागद खिडकीत धरून रेघा मोजायची. मला स्वतःला दोन मिळाल्या होत्या, आणि त्या मी लोकांना दाखवल्याही होत्या.

त्या नखाची गोष्ट वेगळी आहे. बाकीची नखं ताई कापायच्या, पण डाव्या अंगठ्याचं वाढवलेलं असायचं. नववीपासून लग्नापर्यंत त्या सरकीच्या सीड प्लॉटवर जात होत्या. संकरित बियाण्यासाठी कपाशीची उद्या उमलणारी कळी आज दुपारी नखानं सोलायची, आतले केसर काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल त्यावर फिरवायचं. मग खूण म्हणून देठाला धागा बांधायचा. दिवसाला शेकड्यांनी कळ्या. नख तुटलं तर काम थांबतं, म्हणून बाया त्याला जपतात. ताईंनी ते काम सोडलं, पण नख ठेवलं. त्यांची पीएच.डी. याच बायांवर होती. सहावं वर्ष चाललं होतं. दुसऱ्यांचे प्रकल्प पुरे व्हायचे आणि यांचं काम तिसऱ्या प्रकरणावरच अडलेलं असायचं. त्यांच्या मार्गदर्शक बाई त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून विचारायच्या, की फदाट, तुमचं काय. ताई म्हणायच्या, चालूय मॅडम, आणि चालायला लागायच्या.

आता माझं सांगतो. तेव्हा मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. माझा प्रकल्प माझ्या गावातल्या मजूर बायांवर होता. विषय ताईंच्या जवळचा, म्हणूनच मी तो घेतला होता हे कबूल करतो. पंधरा दिवस मी पहिल्या पानावर अडून होतो. रोज यायचो, वाचायचो, म्हंजे काय, म्हंजे काय, आणि खोडायचो. एक दिवस मी इतका रडकुंडीला आलो, की मला हे जमणार नाही, मी सोडतो, असं म्हणून कागद गोळा करायला लागलो. ताईंची बस चुकत होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या पिशवीतून स्वतःचं तिसरं प्रकरण काढलं.

"बस. मी वाचते. मलाबी असंच अडलं हुतं. मी कशी सुटले ते बघ."

आणि त्यांनी फिरत फिरत वाचून दाखवलं. सुरुवातीचं वाक्य मला अजून जसंच्या तसं पाठ आहे: 'बियाण्याच्या पिशवीवर वाणाचं नाव असतं, कंपनीचं असतं, ज्या बोटांनी फूल उघडलं, त्यांचं नसतं.' पुढं चार-पाच पानं होती. कळी सोलताना श्वास कसा धरायचा, उन्हात केसर बोटांना कसे चिकटतात, धागा संपला तर बाया लुगड्याचा दोरा कसा ओढतात. मी ऐकत होतो आणि लिहीत होतो. पेन माझ्या हातात होता.

बदलून लिहीन, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण घरी गेल्यावर जे बदलायला जाईन ते बिघडायचं. सादर करायची तारीख आली. मी ते वाक्य तसंच ठेवलं, पाठोपाठ ती पानंही थोडी इकडं-तिकडं करून ठेवली. प्रकल्पाचं कौतुक झालं. विभागप्रमुखांनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. कॉलेजच्या वेबसाइटवर नमुना म्हणून माझा प्रकल्प चढवला गेला. ताईंनी तो वाचला का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही. पुढच्या वर्षी मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला आणि मीही त्या खोलीत मदतनीस म्हणून बसायला लागलो. ताई फिरायच्या, मी बसायचो. मला वाटलं, गेलं ते मागे.

तीन वर्षांनी ताईंचा प्रबंध पुरा झाला. मुदत संपायला दोन महिने उरले होते आणि वाढीव मुदतही वापरून झाली होती. प्रबंध आधी संगणकावर तपासला जातो, दुसऱ्या कुणाशी किती जुळतो ते. तिसरं प्रकरण लालेलाल होऊन आलं. जुळणाऱ्या स्रोतांच्या यादीत पहिलं नाव माझं होतं. बाकीची सात-आठ नावं माझ्या नमुन्यावरून उतरवणाऱ्यांची. माझा प्रकल्प तीन वर्षांपूर्वीचा आणि ताईंचा प्रबंध आत्ताचा. म्हणजे कागदोपत्री ताईंनी माझं उचललं होतं.

मला हे मार्गदर्शक बाईंच्या खोलीबाहेर उभ्या उभ्या कळलं. आत बाई ताईंना बोलत होत्या. वयाचा तरी विचार करायचा, म्हणाल्या, लहान पोराचं उचलताना. ताईंचा आवाज मला ऐकू आला नाही. बाहेर आल्यावर त्या माझ्यासमोरून गेल्या, आणि पहिल्यांदाच मी त्यांना सावकाश चालताना पाहिलं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. माझा प्रवेश जाईल, एम.ए.ची चौकशी लागेल, गावात काय सांगू, असले विचार आधी आले. ताईंचा विचार नंतर आला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण क्रम असाच होता.

दोन दिवस मी कॉलेजात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी एक अर्ज लिहून केंद्राच्या खोलीत गेलो. दुपारची वेळ, ताई एकट्याच होत्या आणि फिरत होत्या. मी अर्ज पुढं केला. त्यांनी हातात घेतला नाही.

"वाच," म्हणाल्या.

मी खुर्चीत बसलो, जिथं विद्यार्थी बसतात तिथं. अर्ज संशोधन समितीला उद्देशून होता. वाचलं, की सदर प्रकल्पामध्ये श्रीमती फदाट यांच्या लिखाणातील काही मजकूर माझ्याकडून अनवधानाने समाविष्ट झाला.

"अनवधानानं म्हंजे काय?"

"म्हणजे... लक्षात न येता."

"तुला लक्षात आलं न्हवतं?"

त्या कॅरमला एक फेरी मारून आल्या.

"संदीपान, तुला इचारून राह्यले. लक्षात आलं न्हवतं का?"

"आलं होतं."

"मंग तसं लिही."

मी खोडलं आणि लिहिलं. पुढं 'काही मजकूर' होतं, म्हंजे किती? पाच पानं. मंग पाच लिही. पुढं 'दिलगीर आहे' होतं. तिथं त्यांनी काहीच विचारलं नाही, पण मीच खोडलं. तासाभरात त्या अर्जात चार ओळी उरल्या. ती पानं द्वारकाताई फदाट यांची आहेत. त्यांनी मला वाचून दाखवली तेव्हा मी ती उतरवून घेतली. ती माझी नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांचा यात दोष नाही. मी सही केली. ताई वाकल्या आणि 'मला माहीत होतं' या शब्दांखाली नखानं रेघ ओढली. माझी ती तिसरी रेघ. मग त्यांनी कागदाची घडी घातली, डब्याच्या खाली पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "अर्ज चांगला झाला. आता ह्यो माझ्यापाशी ऱ्हाईल."

मी म्हटलं, ताई, समितीला द्यायचाय. त्या न्हाई म्हणाल्या. दिला तर माझी एम.ए.ची डिग्री अडकणार, माझ्यावरून उतरवणाऱ्या आठ पोरांची अडकणार. त्यातली एक पोरगी नुकतीच तलाठी झालीय. "आन् मी तुला वाचून दाखवलं, ते माझ्याच कायद्यात न्हवतं बसत. दोन महिने हायेत. मी पुन्हा लिहिते."

"तेच कसं पुन्हा लिहिणार?"

त्या खिडकीशी थांबल्या. पाठ माझ्याकडे होती. "ते वाक्य लई चांगलं हुतं रे," म्हणाल्या. "माझं हुतं."

त्यानंतरचे दोन महिने आठवले की मला आजही बसवत नाही. ताई आल्या की मला खुर्चीवरून उठवायच्या नाहीत. मी बसायचो आणि त्या फिरत फिरत नवीन लिखाण वाचायच्या. प्रश्न मी विचारायचा, असं त्यांनीच ठरवलं होतं. ज्या बाईची पानं आपण घेतली, तिलाच विचारायचं की म्हंजे काय. पण त्या थांबून राहायच्या, घड्याळ बघायच्या, म्हणायच्या, इचार जल्दी, बस जाईल. मग मी विचारायचो. त्या चिडायच्या, कागद आपटायच्या, भाल्यांपर्यंत जाऊन परत यायच्या. जुनं वाक्य पुन्हा पुन्हा त्यांच्या तोंडी यायचं, आणि दर वेळी त्यांना ते खोडावं लागायचं. एकदा त्यांनी तेच वाक्य चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून आणलं आणि चारही कागद फाडले. मी आतून इतका पोळत होतो, की एकदा म्हणालो, मी दुसरा अर्ज लिहून आजच समितीला देतो. ताई म्हणाल्या, दे की. मी दिला नाही. त्यांनी अडवलं म्हणून दिला नाही असं मी लोकांना सांगू शकलो असतो, पण त्या दिवशी त्यांनी अडवलं नव्हतं.

शेवटी त्या आईकडे गेल्या, तीही सीड प्लॉटवर जायची. दोन दिवस आईजवळ बसून आल्या आणि नवीन प्रकरण सुरू झालं ते 'मी नववीत होते' असं. आधीच्या लिखाणात बाया होत्या, ताई कुठंच नव्हत्या. आता त्या होत्या, त्यांची आई होती, आईच्या अंगठ्याचं नख दुभंगलं तो दिवस होता. प्रबंध मुदतीच्या चार दिवस आधी गेला आणि पुढं मंजूरही झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तिसऱ्या प्रकरणाची फार तारीफ केली. सगळे म्हणतात, नवीन प्रकरण जास्त चांगलं आहे. मी दोन्ही ऐकलेली आहेत. मला जुनं वाक्य अजूनही जास्त आवडतं, आणि ते बोलून दाखवायची सोय माझ्याकडे उरलेली नाही.

ताईंना घनसावंगीच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिकांवर काम मिळालं. जीपनं जायचं, जीपनं यायचं. आमच्या खोलीत त्या पुन्हा एकदाच आल्या, गेल्या हिवाळ्यात, कार्यालयातून कसलंसं प्रमाणपत्र घ्यायला आल्या होत्या तेव्हा. माझ्यासमोर बी.ए.ची एक मुलगी बसून प्रकल्प वाचत होती. ताई दारात उभ्या राहिल्या आणि मला हातानंच चालू दे म्हणाल्या. मुलीनं पान उलटलं आणि वाचलं, "बियाण्याच्या पिशवीवर वाणाचं नाव असतं, कंपनीचं असतं..."

ताई आत आल्या, सवयीनं हात मागे बांधले आणि कॅरमभोवती फिरायला लागल्या. मुलगी त्यांना ओळखत नव्हती.

"चांगलंय," ताई म्हणाल्या. "तुझं हाय का?"

"न्हाई ताई. दुसऱ्याचं घेतलं तर नाव लिहायचं, असं ह्या सरांनीच शिकवलंय." तिनं शेवटचं पान काढून दाखवलं. "सरांचंच हाय. वेबसाइटवरून घेतलं. हे बघा, लिहिलंय."

माझं नाव होतं. पूर्ण, आडनावासकट, वर्षासकट, तिच्या गोल अक्षरात.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. त्या विषय बदलणार होत्या, मला दिसत होतं. पुढचं वाच म्हणून त्यांनी तोंड उघडलंही होतं. मी खुर्चीवरून उठलो.

"ते माझं नाही," मी म्हणालो. "मी ह्यांचं घेतलं होतं. ह्यांचं नाव लिही."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मग ताईंकडे. तिला काय समजलं देव जाणे. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि पेन ताईंपुढं धरला, की ताई, तुम्हीच लिहा.

ताईंनी हात पाठीमागेच ठेवले. "पेन तुझ्या हातात. मी सांगते." आणि एरवी घाईघाईत बोलणाऱ्या ताईंनी प्रत्येक शब्दानंतर थांबत सांगितलं, "द्वारका. साळुबा. फदाट."

मुलीनं लिहिलं. मग मला विचारलं, "सर, तुमचं नाव ठेवू का खोडू?"

मी म्हटलं, खोड.

तिनं खोडलं. ताई वाकल्या, क्षणभर त्या पानाकडे पाहिलं, पण रेघ काही मारली नाही. मनगट उलटं करून घड्याळ बघितलं, जीप भरत आली असंल म्हणाल्या आणि निघाल्या. मी खिडकीशी गेलो. त्या फाटकाकडे भरभर चालल्या होत्या, दोन्ही हात मोकळे सोडून.